एका पानात

पुण्याहून तिघे येणार, जागा बघायला.
उद्यमबागेत नवं युनिट टाकायचं म्हणतात.
साहेब म्हणाले, "एका पानात लिही की,
इथलीच माणसं का घ्यावीत ते."

लिहिलं: कुशल मनुष्यबळ, मुबलक.
मग 'मुबलक' खोडलं.
मुबलक तर मोल्डिंगची वाळूही असते.

भरमाण्णा मुचंडीकर नुसत्या कानानं ओळखतो
लेथवरचं टूल कधी बोथट झालं.
हे कुठल्या रकान्यात घालू?
सुनंदा हुंदरे मच्छेहून सायकलनं येते,
मायक्रॉनमध्ये मोजते,
सुपरवायझरशी कन्नड, मशीनशी मराठी,
बाहेरच्या इन्स्पेक्टरशी हिंदी,
आणि पगारवाढीच्या दिवशी
तिन्ही भाषांत गप्प.

"तिकडं बंद वगैरे फार होतात का?"
फोनवर विचारलं होतं त्यांनी.
"सीमेवरनं होतो अधूनमधून.
त्या दिवसाचं काम रविवारी भरून देतात."
पलीकडं कुणीतरी ते टिपून घेतलं.

पगार: पुण्यापेक्षा कमी.
हे वाक्य एका झटक्यात उतरलं.

माझा पोरगा चाकणला असतो, एका खोलीत सहा जण.
तोही इथलंच मनुष्यबळ.
तळाला पेन्सिलीनं लिहिलं, 'लवकर या',
आणि कागद टाईपला देताना
खोडायचं राहून गेलं.