साडेपाच मीटर

खोली तीन बाय साडेतीन. खिडकी एक, रेडिएटर एक,
दार उघडलं की कपाटाला लागतं.
क्लाइपेदातल्या आमच्या इमारतीत अशा ऐंशी खोल्या आहेत,
ऐंशी ठिकाणी दार कपाटाला लागतं.

हॉल केवढा आहे? दुकानातल्या पोरानं विचारलं.
हॉल नाही, म्हटलं.
पाच स्पीकर आणि तो पोटातून बोलणारा डबा, सबवूफर,
माझ्या गाडीत चढवताना
त्याच्या चेहऱ्यावर माझ्या शेजाऱ्यांची कीव होती.

डावा बसला. उजव्याला रेडिएटर आडवा आला.
मागचे दोन मागे ठेवायचे, पण मागे भिंतच.
स्काइस्ते म्हणाली, सोफा हातभर पुढे घे.
घेतला. आता पडदा इतका जवळ
की नटाच्या दाढीतले केस मोजावेत.

टाळी वाजवली तर खोली
पत्र्याच्या डब्यातल्या वाटाण्यांसारखी खुळखुळायची.
अंड्यांचे ट्रे लाव, बोटीवरचा एद्मुंडास म्हणाला.
लावले बारा. फरक शून्य,
घराचं फक्त खुराडं झालं.

मग तळघरात उतरलो. बटाट्यांच्या पोत्यांमागे
गुंडाळून उभा केलेला सासूबाईंचा गालिचा,
भिंतीवर टांगायचा, लाल-काळा, मध्ये दोन हरणं.
लग्नानंतरचं पहिलं भांडण याच्यावरून.
भिंतीला कसली थंडी वाजते, असं मीच म्हणालो होतो.
अठरा वर्षांनी मीच तो खांद्यावर घेऊन
पाच मजले चढलो.
स्काइस्ते काही बोलली नाही.
तिच्या ओठांत खिळे होते,
एकेक काढून देत होती.

डब्याची जागा शोधायची रीत पुस्तिकेत होती:
डबा आपल्या जागी सोफ्यावर ठेवा,
आणि आपण रांगा.
जिथे आवाज भरीव लागेल, ती त्याची जागा.
शेचाळिसाव्या वर्षी मी रांगलो,
सोफ्यावर डबा घरमालकासारखा घुमत होता.
गिन्ते आधी हसली, मग तीही रांगायला लागली,
कान जमिनीला लावून, वेणी धुळीत.
सापडली जागा. दारामागे.
आता दार कपाटाला लागत नाही,
त्याच्या आधीच अडतं.

शेवटी माप. पातेलं उपडं, त्यावर शब्दकोश,
त्यावर साखरेचा डबा, त्यावर चिमुकला माइक,
माझ्या कानाच्या उंचीवर.
घरात चिटपाखरू बोलता कामा नये.
फ्रिज बंद केला. घड्याळ उशीखाली.
खालच्या झिनाइदाबाईंना सांगून आलो, तीन मिनिटं.
त्या म्हणाल्या, शांततेची आगाऊ सूचना
या जिन्यावर पहिल्यांदाच ऐकते आहे.

बसलो तिघं, भिंतीला टेकून, हरणांखाली.
किती वेळ गेला.
गिन्तेनं कान दाबले, डोळे मिटले.
मी खुणेनं विचारलं, सुरू कधी होणार?
तिनं माझ्याकडे पाहिलं.
सुरू होतं.
तिला टोचणारं ते बारीक सुईसारखं काही
माझ्यापर्यंत आलंच नव्हतं.
बावीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी उभा आहे मी,
ते कुठेतरी जमा होत असणारच.
मग डबा बोलला,
आणि तो मला तळव्यांतून ऐकू आला, स्वच्छ,
इंजिनाचा लांबचा भाऊ असावा तसा.

पडद्यावर आकडे आले.
डावा एक मीटर सत्तर. उजवा एक मीटर साठ.
डबा: साडेपाच मीटर.
मी टेप काढली. सोफ्यापासून दारामागे दोन मीटर दहा.
साडेपाच म्हणजे भिंतीपलीकडे,
जिन्यात, कुणाच्या तरी सायकलीपाशी.

गिन्तेनं पुस्तिका वाचली.
त्याचा आवाज निघायलाच उशीर लागतो, म्हणाली,
आणि उशिरा आलेलं ते लांबून आलं
असं यंत्र धरतं.
चूक नाही ती. आकडा बदलू नका, असं लिहिलंय.

मी गालिच्याकडे पाहिलं.
स्काइस्ते अंगठ्यानं एक खिळा आणखी दाबत होती,
जो आधीच पुरता आत गेला होता.

नाही बदलला.
सिनेमा लावला, अर्धा पाहिला, तिथेच झोपलो तिघं.
फ्रिज चालू करायचा राहिलाच.
सकाळी लोणी पातळ झालं होतं,
पावावर नुसतं ओतलं.