एकदा वर, एकदा खाली

गोकुळ शिरगावच्या कोअर शॉपमधून मी भरतो
रोज तीनशे पोकळ्या.

म्हणजे वाळूच्याच त्या. तेल पाजून भाजलेल्या.
इंजिनाच्या पोटात जिथं लोखंड यायला नको
तिथं जाऊन बसायचं,
लोखंड थिजेपर्यंत तग धरायची,
मग कण कण झडून जायचं.
तोवर त्यांनी मोडायचं नाही,
ही माझी जबाबदारी.

उजळाईवाडी सोडली की खड्डा.
मागं खळ्ळ.
आरशात ताडपत्रीच दिसते, पण कानाला कळतं
की एक गेला. कधी तीन.
शिरोलीत सुपरवायझर फुटके वेगळे मांडतो,
वहीत आकडा लिहितो.
अर्धा माझ्या भाड्यातून,
अर्धा शेवंता मान्यांच्या मजुरीतून,
कारण चीर भट्टीतली की रस्त्यातली
हे वाळू सांगत नाही.

त्या काही बोलत नाहीत.
ग्रॅफाइटनं काळे झालेले हात पदराला न लावता
दुसऱ्या दिवशी ट्रेखाली
आणखी एक पोतं घडी करून सारतात.
मला शिवी चालली असती.

म्हणून उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींकडं.
म्हटलं, दणकट करा. अजून एक पाटा टाका.
मिस्त्री गाडीखाली. बाहेर नुसते पाय,
एका पायात निळा मोजा, एक तसाच.

"अजून एक? आरं, हितं अगोदरच एक ज्यादा हाय.
खडीवाल्याची गाडी न्हवं ही?"
व्हय.
"तू काय भरतोस?"
वाळू.
"किती?"
सातशे किलो, लई झालं तर.
"मग हिला वाटतंय, आपण रिकामंच निघालोय.
म्हणून उड्या मारतीया. पाटा काढायचा हाय गा,
घालायचा न्हाई."

गंजलेले यू-बोल्ट कापले ते ठिणग्या उडवत.
सेंटर बोल्ट सुटला
आणि पाटे पोत्यावर पसरले, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत,
घरातली माणसं फोटोला बसवावीत तसे.
शॅकलचे बुश हातात घेतले तर भुगा.
शॉकपचं तेल कधीच रस्त्याला पाजून झालेलं.
दुपारभर घणाखाली पाट्यांना वाक आला,
मध्ये नायलॉनच्या चकत्या, मागं नवे गॅसचे शॉकप,
पुढं रोल बारला ताजे रबर.
निम्मे पैसे रोख, निम्मे दिवाळीपर्यंत.

काढलेला पाटा मिस्त्रींनी भिंतीला टेकवला.
"ह्याचे चार कोयते हुत्यात," म्हणाले,
जणू एवढी वर्षं तो
चुकीच्या खात्यात नोकरी करत होता.

मग मागच्या बंपरवर चढले, सत्तरीचा माणूस,
आणि खाली उडी मारली.
गाडी एकदा वर आली.
एकदा खाली बसली.
गप्प झाली.

"बघ. धक्का बसनारच.
पर एकदाच बसाय पायजे."

घरी जाताना मी मुद्दाम लांबून गेलो.
तावडे हॉटेलच्या वळणावर पूर्वी
स्टेअरिंग एक म्हणायचं, हौदा दुसरंच,
आणि दोघांच्या भांडणात मी ब्रेकवर उभा.
आज पन्नासला वळलो.
गाडी थोडी कलली, सावरली,
दोघांनी एकच उत्तर दिलं.
पंचगंगेच्या पुलावरचे सांधे
टायरनं मोजले, पाठीनं नाही.

सोमवारी शिरोलीत सुपरवायझरनं
दोनदा मोजलं. ट्रे उलटून बघितले.
माझ्याकडं असं पाहिलं,
जणू फुटके मी वाटेत नदीत टाकले.
शेवटी वहीत गोल काढला.

तो गोल मी जपून मागं आणला.
शेवंताबाई भट्टीचं दार ओढत होत्या.
म्हटलं, आज शून्य.
त्यांनी दार लावलं, कडी घातली,
हौद्यात वाकून बघितलं.

"मग माझी पोती द्या परत," म्हणाल्या.
"सतरा आहेत."