खोडल्याजागी सही

पहाटे चार. ग्रिम्सबीच्या गोदीत
फावड्याने बर्फ ओढल्याचा आवाज.
माझा पांढरा कोट, गमबूट, खिशात दोन निळी पेनं.
काळी चालत नाही,
पलीकडच्या अधिकाऱ्याला ती छापील वाटते.

सतरा पानं. आधी इंग्रजीत, मग तीच फ्रेंचमध्ये,
जी मला वाचता येत नाही पण जिच्याखाली मी सही करते:
मी, खाली सही करणार, प्रमाणित करते की
हा हॅडॉक निरोगी आहे,
की तो कुठल्या पाण्यातला ते मला ठाऊक आहे.
लागू नसलेली ओळ खोडायची.
खोडल्याजागी पुन्हा सही, पुन्हा शिक्का.
एक खोडायची राहिली म्हणून मागच्या महिन्यात
बुलोनहून अख्खा ट्रक परत आला.
लेन ऑस्गर्बीने दार उघडलं
आणि बाहीने नाक पुसलं, इतकंच.

त्याच्या बापाची बोट होती.
आइसलंडने पाणी आखून घेतलं तेव्हा भंगारात गेली.
"उरलेला समुद्र ब्रसेल्सने वाटला," तो म्हणतो,
"म्हणून मी बाहेर पडायला मत दिलं. तू असतीस तर?"
मी नव्हते. मी तेव्हा उदगीरला,
म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
रेडकाचा पाय चाचपत होते.

पण भांडण ओळखीचं होतं.
आमच्या विहिरीत पाच घरांचे हिस्से,
सातबाऱ्यावर आण्यांत नोंद.
मोटर एक, पाळी ठरलेली, शिव्या रोजच्या.
थोरले काका एकदा म्हणाले, माझं पाणी माझ्या बांधात.
बोअर मारली. तीनशे ऐंशी फुटांवर दोन इंच पाणी लागलं.
पेढे वाटले.
मग पाइप न्यायला चौघांच्या रानातून वाट हवी होती.
चौघांची संमती. स्टॅम्पपेपर. चार सह्या.

लेनने ऐकून घेतलं.
"पण पाणी लागलं ना?"
लागलं.
"आणि त्याचं होतं?"
त्याचंच.
"मग?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या खुर्चीवर आधी डॉइना बसायची, क्लुजची.
तिला यायला एकही कागद लागला नव्हता,
कागद वाढले तशी ती गेली.
मला यायला चोवीस लागले.
पाठीमागची उशी अजून तिचीच आहे.

फॉर्मवर एक चौकट असते: मूळ देश.
आजचा हॅडॉक परवा रात्री कंटेनरमधून आला,
इथे सोलला, कापला, आता बुलोनला जाईल.
मी लिहिते, आइसलंड.
लेन वाकून वाचतो,
बापाचं पाणी, असं काहीसं पुटपुटतो
आणि पेट्यांवर बर्फ टाकतो, दोन फावडी जास्तच.

ट्रकचं इंजिन सुरू. ड्रायव्हर हॉर्न देत नाही, नुसता बघतो.
नवव्या पानावर एक ओळ राहिली होती.
खोडते.