चार नंबरची चाबी

माझ्या टेबलामागं भिंतीत सहा खिळे आहेत,
सहा खिळ्यांवर सहा क्वार्टरच्या चाब्या.
प्रत्येकीला जुन्या एक्स-रे फिल्मचा कापलेला तुकडा,
त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर.
चारच्या तुकड्यात कोणाची तरी बरगडी दिसते.

मनसरच्या पुढं, हायवे सोडून आत नऊ किलोमीटर:
सालईटोला ग्रामीण रुग्णालय, तीस खाटा.
क्वार्टरच्या उद्घाटनाला नागपूरहून साहेब आले होते.
म्हणाले, घर दिलं की माणूस टिकतो.
अकरा वर्षं झाली.
वाळवी टिकली.

डॉक्टर निखाडे अडीच महिने होते.
फार्मासिस्ट तितरमारे मॅडम वर्षभर राहिल्या,
अंगणात सांभार पेरला, मग पोरगं पहिलीत जायचं झालं
आणि सामान टेम्पोत चढलं.
काय बोलणार मी?
माझीही पोरगी नंदनवनात मावशीकडे राहून शिकते.
एक्स-रेवाले बावनकर अप-डाऊन करायचे,
सव्वासातची एसटी, परतीला पाच दहाची,
आणि दर सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीचा दाखला:
'सदर कर्मचारी मुख्यालयी राहतात.'
टाइप मीच करायचो, शिक्का ग्रामसेवकाचा.
पाच नंबरात तीन वर्षं त्यांचं हेल्मेट
मुख्यालयी राहिलं.

मग जानेवारीत सिस्टर आल्या, सुकेशनी गजभिये,
सडक-अर्जुनीकडच्या.
एक ट्रंक, एक कुकर, घरच्या तांदळाचं पोतं.
चार नंबर उघडून दिलं.
त्यांनी नळ सोडून पाहिला, पंखा लावून पाहिला,
मला बाहेर ठेवून दार लोटलं.
आत बराच वेळ काही आवाज नाही.
मग दाराच्या पलीकडून:
'घाटोळे भाऊ, आतून कडी कुठाय?'

खरंच, कुठाय?
बाहेरून कुलपासाठी बोटाएवढा जाड कोयंडा,
आतून नुसतं लाकूड.
सहाही दारं पाहून आलो, सहाही तशीच.
इस्टिमेटमध्ये ती वस्तूच नव्हती.
घर रिकामं कसं ठेवायचं
एवढं मात्र कोणीतरी नीट विचार करून लिहिलं होतं.

बांधकाम विभागाला पत्र टाकलं.
उत्तर आलं: तांत्रिक मंजुरीनंतर पाहू.
तोवर रोज रात्री सिस्टर दाराला ट्रंक लावत,
ट्रंकेवर पोतं, पोत्यावर कुकर.
कुकर कशाला, विचारलं,
तर म्हणाल्या, पडला तर जाग येईल.

दुसऱ्या दिवशी मनसरहून कडी आणली, एकशे ऐंशी रुपये,
कोणत्या हेडखाली टाकायचे अजून कळलं नाही.
भोजराम सुतारानं बसवली.
सिस्टरनं तीनदा लावून पाहिली. खट. खट. खट.

वॉचमन सोनवाने सांगतो,
रात्री दोनला बाळंतीण घेऊन गाडी येते,
तो हाक मारायला निघतो,
अर्ध्या मैदानातच कडीचा आवाज येतो.
गाडीचे लाइट भिंतीवर पडले की त्या उठलेल्याच असतात.

एप्रिलात टेबलासमोर उभ्या राहिल्या.
'ती दुसरी चाबी पण द्या.'
मी नियम सांगायला लागलो,
एक चाबी कार्यालयात असते, पहिल्यापासून...
'माझ्या घराची चाबी तुमच्या भिंतीवर काहून, भाऊ?'

दिली. बरगडीसकट.
रजिस्टरात अशा गोष्टीसाठी रकाना नाही,
शेऱ्यात लिहिलं: चाबी घरी आहे.

सिस्टर किती दिवस राहतील, मला माहीत नाही.
मे महिन्यात बदलीचे अर्ज सगळेच भरतात,
त्यांचाही मीच टाइप केला,
स्पेलिंग दोनदा तपासून.
बाकी पाच दारांचं पत्र अजून मंजुरीत फिरतंय.
चारच्या खिळ्यावर मी सध्या
डब्याची पिशवी अडकवतो.