खापर तापेपर्यंत

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये, फिजिओथेरपीच्या खोलीत
कूलर आहे, पाणी नाही. चैत्राचं ऊन
गजांमधून थेट सुपडाबाईंच्या मांडीवर,
आणि मांडीवर त्यांचा उजवा हात,
कुणी सांभाळायला ठेवून गेलेल्या पिशवीसारखा.

मी म्हणते, डोळे मिटा. पेला उचलताय असं मनात आणा.
हात हलवायचा नाही, नुसता आतून हलवायचा.
डोक्यात जिथून हात हलतो
तिथलं बरंचसं जागं होतं अशानेही.
पायवाटेवर कुणी चाललं नाही तर गवत माजतं ना,
म्हणून रोज एक फेरी. निदान मनाने.

त्या ऐकून घेतात.
'पेला काय उचलू, माय? तहान तर नही लागनी.'

मग मला आखाजी आठवते, अठरा दिवसांवर आलेली.
पारोळ्यापासून सोनगीरपर्यंत लग्नघरं
मांड्यांसाठी जिला जीप पाठवायची, ती ही बाई.
'बरं, मांडा करा.' मी स्टॉपवॉच दाबते.

एक मिनिट. दोन. चार.
चेहऱ्यावर काहीच नाही.
'झाला का?'
'थांब ना. खापर आजून तपनं नही.'

मनातल्या कामाला खऱ्याइतकाच वेळ लागतो,
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पाच मार्कांना.
पऱ्हाटीचा जाळ धरेपर्यंतचा वेळ
पुस्तकात नव्हता.

सातव्या मिनिटाला श्वास बदलला.
गोळा ह्या तळव्यावरून त्या तळव्यावर,
मनगटावरून कोपरापर्यंत उतरत, रुंदावत,
इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा
(हे मला दिसत नाही, मला फक्त पापण्या दिसतात).
हात तसाच.
चिकटवलेल्या तारेची पडद्यावरची रेघ
एकदा किंचित फुगली. की कूलरचा हादरा होता.
मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं.

डोळे उघडले ते नाराजच.
'फाटना पहिला.'
'अहो, मनातलाच तर होता! न फाटलेला आणायचा.'
'पीठ सैल व्हतं. मी काय करू?'

दुसऱ्याला अडीच मिनिटं लागली.
खापर तापलेलंच होतं.

उठताना डाव्या हाताने पदर घेऊन
उजव्या हाताची बोटं पुसली त्यांनी, एकेक,
बेचक्यांतसुद्धा,
जिथे पीठ वाळून बसतं.