नव्वदची कॅसेट

“साठची भरू की नव्वदची?”
तलरेजा विचारायचा
आणि वैजू माझ्याकडे बघायची,
जणू मधले आठ रुपये माझ्या फ्रॉकच्या खिशात होते.

टिळकनगरच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून दुकान.
गिरणी चालू असली की तो रेकॉर्डिंग करत नसे.
म्हणे, आवाजात पीठ येतं.
हे आम्ही बरीच वर्षं खरं मानलं.

यादी वैजूची, वहीच्या मधल्या पानावर.
(मधलं पान फाडलं तर मास्तरांना कळत नाही.)
सतरा गाणी. बाराव्यावर काट,
आणि काटेच्या शेजारी बारीक अक्षरात: राहू दे.
राहू दे म्हणजे ठेव, की राहू दे म्हणजे नको?
तलरेजाने पेन्सिल कानामागे खोचली
आणि भरून टाकलं.

शनिवारी रात्री बाबा रिफायनरीत, थर्ड शिफ्टला.
केबलवाला अकरानंतर नवा सिनेमा लावायचा,
कुणाच्या तरी डोक्याची सावली पडद्यावर हलणारा,
मध्येच कुणी शिंकायचं, ते आम्हीही पुसायचो.
खाली पट्टी सरकत असायची:
सहकार सिनेमाच्या गल्लीत अमुक साडी सेंटर, फॉल पिको करून मिळेल.
हिरॉइन नाचायची ती गुडघ्यांपासून वर.
वैजूने तसाच नाच बसवला गणपतीत,
हात, मान, भुवया, सगळं घोटून,
पाय मात्र जागच्या जागी.
बक्षीस मिळालं नाही. एक बाई म्हणाल्या,
मुलगी गोड आहे, पण उभीच राहते.

परवा लॅपटॉपवर तोच सिनेमा लावला.
लख्ख प्रिंट. पट्टी नाही, डोकं नाही.
आणि तिला पाय होते!
काय चपळ पाय, चांदीच्या सँडल, एक पट्टा सुटलेला.
मी एकटीच हसत बसले, मग एकदम
फसवल्यासारखं वाटलं, कुणी फसवलं ते कळेना.

बिल्डिंग पाडणार म्हणून खोली रिकामी केली
तेव्हा कॅसेट सापडली, मीटरच्या पेटीमागे,
कव्हरवर वैजूचं नाव, आडनाव खोडलेलं.
लॅमिंग्टन रोडला ओव्हाळ म्हणून एकजण अजून टेप दुरुस्त करतात.
झाकण उघडून म्हणाले, बेल्ट गेलाय.
रबर आहे बाई, वापरलं नाही तरी म्हातारं होतं.

घरी येऊन लावली.
आधी खरखर, मग बासरी, मग सगळं एकदम
थोडं जास्त वेगात, जणू गाणाऱ्याला कुठेतरी पोचायचं होतं.
बारावं गाणं आलं. ते का खोडलं असेल,
ते त्याही दिवशी कळलं नाही.
बी साइडचं शेवटचं मात्र अर्धंच.
दुसऱ्या अंतऱ्यात, एका शब्दाच्या मधोमध
टेप संपते. खट्ट.
तलरेजाचा हिशोब नेहमी चुकायचा,
किंवा नव्वद मिनिटं नव्वद नसायची.

फोनवर ते गाणं अख्खं मिळतं.
पुढे आणखी दीड मिनिट आहे,
व्हायोलिन, कोरस, नवा अंतरा, सगळं नीट.
त्या दीड मिनिटात माझ्या ओळखीचं कुणी नाही.

वैजूला फोन केला. ती आता कर्जतला,
गुडघ्यांचं ऑपरेशन करू की नको या विचारात.
म्हणाली, तसलं गाणं? मी? छे गं.
तलरेजा कोण?
मागे कुकरची शिट्टी. “थांब, गॅस बारीक करते.”
फोन ओट्यावर ठेवला असावा.
चमचा आपटला, डबा उघडला,
आणि लांबून, स्वतःशीच, ती गुणगुणू लागली,
थोडं जास्त वेगात,
दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत, त्या शब्दापर्यंत,
त्याच्या मधोमध
थांबली.

मी वाट बघत होते.
“हां, बोल,” ती म्हणाली,
“यादीत किती झाली?”