आडवी उंची

दोन वर्षांच्या आतलं मूल
निजवूनच मोजायचं असतं.
डोकं वरच्या पाटीला टेकलेलं,
गुडघे मी दाबायचे, तळवे सरळ,
आणि हंबरडा दम घेतो त्या एका क्षणात
आकडा वाचायचा.

चिल्वा तळ्याकाठी, आंब्याखाली,
महिन्यातला दुसरा बुधवार.
फानेसी येते यान्खोला पाठीशी बांधून.
दीड वर्षाची पोर. त्र्याहत्तर पूर्णांक चार.
कार्डावरची रेघ वर वर जाते,
तिचा ठिपका खाली राहतो,
नाव चुकलेल्या उतारूसारखा.

उरलेले सेंटीमीटर कुठे गेले
याला कार्डावर रकाना नाही.
तळं आटलं त्या हंगामात गेला असेल एखादा,
मचव्यांखाली चिखल तडकला,
माटेंबाच्या टोपल्यांत नुसते खवले उरले
आणि लापशीत मीठ, फक्त मीठ.
हिवताप तर नेमका सुळे फुटताना आला.
मग ती विहीर, तिच्याबद्दल मी दोनदा लिहून पाठवलंय.

बाप जोहान्सबर्गला आहे. फोन लागत नव्हता तेव्हा
फानेसीनं घरात बोलणंच टाकलं होतं.
न बोलता भरवलेला घास
हाडापर्यंत पोचतो का?
प्रशिक्षणात मी विचारलं होतं.
बाईंनी चष्मा पुसला,
म्हणाल्या, पुढचा प्रश्न.

मुलं म्हणे रात्रीत वाढतात.
पण त्यासाठी रात्रही जेवलेली लागते.

मी पंच्याण्णव सालची. तळं तेव्हाही आटलं होतं.
माझा बाप, लाजाबू कोळी,
आमच्या दारातून वाकून आत यायचा.
त्याच दारातून मी ताठ जाते.

आज यान्खोच्या टाळूवर
वेण्यांचा घट्ट अंबाडा होता,
बोटभर उंच, पहाटे उठून बांधलेला.
पिठाचं पाकीट खालच्या रेषेखालीच मिळतं,
हे फानेसीला माझ्याइतकंच ठाऊक आहे.
तरी बांधला.

नियम आहे, केस सोडून मोजायचं.
मी एकेक पेड सोडत गेले.
ती तळ्याकडे बघत राहिली,
पाणी परत आलंय, गुडघाभर.
यान्खोनं माझं बोट धरून तोंडात घातलं
आणि चावली,
चांगलीच,
वरचे दोन्ही सुळे रुतले.